काढा, गोळी आणि सलाउद्दीनभाईंचं पोट

पंचवटीत भाजीबाजाराकडून नदीच्या अंगाला उतरणाऱ्या बोळात सलाउद्दीन अत्तारांचं काष्ठौषधींचं दुकान आहे. दुकान म्हणजे एका माणसाला मांडी घालून बसता येईल एवढी गादी, मागे छतापर्यंत बरण्या आणि पुढे दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यात थांबायचं एवढी जागा. पाटीवरचा रंग कधीच उडालेला. पण बाळंतिणीचे बाळंतशोपे हवे असोत, तान्ह्या पोराच्या घुटीची मुरुडशेंग हवी असो, की लग्नात दोन पंगतींना बसून आलेल्या माणसाला ओवा-सैंधव हवं असो, आसपासची माणसं पाटी न वाचताच येतात. नदीकाठचे गुरुजी होमाच्या समिधाही त्यांच्याकडूनच नेतात आणि जाता जाता स्वतःच्या अपचनाची तक्रार सांगतात.

सलाउद्दीनभाईंना एक सवय होती. गिऱ्हाईक "पोट दुखतंय हो" म्हणालं, तरी त्यांचा हात लगेच बरणीकडे जायचा नाही. आधी चौकशी व्हायची. दुखतं कुठे? जेवणाआधी की जेवणानंतर? दुसरं कुठलं औषध चालू आहे का? आणि शेवटी ठरलेला प्रश्न, "डॉक्टरला विचारलंत का?"

काही लोक कावायचे. "अहो भाई, दोन चमचे हिंगाष्टक मागतोय, बंदूक नाही मागत," असं एकदा एक रिक्षावाला म्हणाला होता. भाई हसले, पण उत्तर मिळेपर्यंत पुडी काही त्यांनी बांधली नाही.

ही सवय त्यांना वडिलांमुळे लागली. त्यांचे वडील अमीर अत्तार याच गादीवर बसायचे. त्यांच्या हाताला गुण होता, असं जुनी माणसं अजून सांगतात. त्यांनी केलेलं पाचक चूर्ण ओझरपासून चांदवडपर्यंत लोक मागवून घेत. पुढे त्यांचंच पोट दुखायला लागलं, तेव्हा त्यांनी तेच चूर्ण घेतलं. उतार पडला नाही तेव्हा काढा घेतला. काढ्याने भागेना तेव्हा दुसरा काढा. अत्तार माणूस पोटदुखीसाठी दवाखान्याच्या रांगेत उभा राहिला तर लोक काय म्हणतील, हेही मनात असणारच. शेवटी पोरांनी उचलून इस्पितळात नेलं, तोवर जठरातली गाठ यकृतात पसरली होती. सलाउद्दीनभाईंचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. वडिलांचं ते आटत गेलेलं अंग, पुढ्यातलं ताट बाजूला सारणारा तो हात, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्यानंतर गादीवर बसले ते हा प्रश्न घेऊनच.

इतकं सगळं कळत असलेला माणूस स्वतःवर वेळ आल्यावर कसा वागला, ती ही गोष्ट.

सुरुवात पोटापासून झालीच नाही, गुडघ्यापासून झाली. भाईंचं घर नदीच्या पलीकडे, चौक मंडईत. रोज सकाळी नमाज झाली की पुलावरून चालत दुकानात यायचं, हा त्यांचा तरुणपणापासूनचा नेम. पण साठी ओलांडली आणि गुडघे कुरकुरायला लागले. त्यात सिंहस्थाच्या कामांसाठी जागोजागी रस्ते खणलेले, धड पाऊल टाकायला सपाट जागा नाही. तिळाचं तेल चोळून झालं, निर्गुडीचा शेक घेऊन झाला. एक दिवस पुलाच्या मध्यावर गुडघा असा अडकला की कठडा धरून उभं राहावं लागलं. त्या दिवशी त्यांनी वाटेतल्या मेडिकलमधून दुखण्याची गोळी घेतली.

गोळीने जादू केली. तासाभरात गुडघा सुटला. दुसऱ्या दिवशी परत घेतली. मग ती रोजचीच झाली. सकाळी उठल्यावर चहाच्या घोटाबरोबर एक, संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी एक. घरात कुणाला सांगितलं नाही. काष्ठौषधी विकणारा माणूस इंग्रजी गोळीवर चालतो, हे सांगण्यासारखं त्यांना वाटलं नाही. पाकीट कधी दुकानात गादीखाली, कधी सदऱ्याच्या खिशात असायचं.

पावसाळा सरता सरता पोटात आग सुरू झाली. बरगड्या जिथे मिळतात त्याच्या खाली, कुणी निखारा ठेवावा तशी. भाईंना वाटलं, पावसाळ्यात अग्नी मंद होतो, जेवण बाधलं असेल. हिंगाष्टक घेतलं. मग सुंठ, मिरी, पिंपळी समभाग घेऊन त्याचं त्रिकटू चूर्ण मधातून चाटलं. आग भडकली. तेव्हा त्यांनी रोख बदलला. धने-बडीशेप रात्री भिजत घालून सकाळी पाणी प्यायले, ज्येष्ठमधाच्या काड्या चघळल्या. त्याने दोन-तीन तास थंड वाटायचं. बरं वाटलं की भाई मनाशी म्हणायचे, चला, ओसरलं. आणि गुडघ्यासाठी पुढची गोळी तोंडात टाकायचे. गुडघ्याचं दुखणं एकीकडे, पोटाचं दुसरीकडे. या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात कधी एकत्र आल्याच नाहीत.

दिवाळीच्या आसपास पायजम्याची नाडी वीतभर जास्त उरू लागली. शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं. वडिलांनाही असंच झालं होतं. ते ज्या दिवशी भाईंच्या ध्यानात आलं, त्या दिवसापासून त्यांनी स्वतःशीसुद्धा पोटाविषयी बोलणं सोडलं. गिऱ्हाइकांना प्रश्न विचारत राहिले, पुड्या बांधत राहिले. मधूनच हात थांबायचा आणि नजर समोरच्या भिंतीवर जायची. आपल्यालाही तेच झालं आहे, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. मग दवाखान्यात जाऊन ते ऐकायचं कशाला? जितके दिवस ऐकलं नाही तितके दिवस आपले.

घरी खातूनबी, म्हणजे भाईंची बायको, वेगळ्याच घोरात होती. ती मूळची चांदवडची, कांद्याच्या व्यापाऱ्याची मुलगी. तिच्या हाताला अशी चव की मोहल्ल्यात कुणाकडे पाहुणे आले की मसाला वाटायला तिला बोलावणं यायचं. आणि आता तिचाच नवरा तिने केलेल्या कालवणाला हात लावत नव्हता. "मऊ खिचडी टाक," म्हणायचा. कधी दोन घास खाऊन ताट सारायचा. ती काही बोलली नाही, पण मनातल्या मनात खंगत चालली. कधी मीठ जास्त घाली, कधी कमी. सुनेला चाखायला लावी आणि विचारी, "सच बोल, बिघडलंय ना?" सून म्हणायची, "अम्मी, एकदम बढिया आहे." तिला ते खरं वाटत नसे.

अशात एक दिवस दुकानात यशोदाबाई आल्या.

यशोदाबाई म्हणजे महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. म्हसरूळच्या रस्त्याला एका कॉलनीत मुलाजवळ राहायच्या. दर जयंतीला कॉलनीतल्या पोरांची भाषणं त्याच बसवून घेत. भाईंच्या दुकानात त्यांचं वर्षानुवर्षं येणं-जाणं. आवळकाठी, शिकेकाई, नातीच्या सर्दीला वेखंड, असं काहीबाही न्यायच्या. त्या दिवशी मात्र चेहरा उतरलेला होता.

"सलाउद्दीनभाई, मळमळीवर काहीतरी द्या. सकाळपासून दुपारपर्यंत अन्न डोळ्यांसमोर नको होतं."

"बाई, दुसरं काही औषध चालू आहे?"

यशोदाबाईंनी मागे वळून रस्त्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "टीबीचं. मानेत गाठ आली होती, तिचा निघाला. कुणाला लागत नाही म्हणतात हा, पण लोकांना कुठे समजावत बसू? गोळ्या घेतल्या की पोट नुसतं ढवळून निघतं. कधी वाटतं सोडून द्याव्यात."

भाईंनी बरणीवरचा हात काढून घेतला. "सोडायचं नाव काढू नका. आणि आज मी तुम्हाला काही देत नाही."

"म्हणजे? दुकान कशाला उघडलंय मग?"

"बाई, मळमळ नुसती गोळ्यांची असेल किंवा गोळ्या यकृताला बाधल्या असतील. ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. मी सुंठ दिली आणि तुमची मळमळ दबली, तर डॉक्टरांना कळायचं ते उशिरा कळेल. आजच्या आज जा. त्यांनी हो म्हटलं की या, मी देतो."

यशोदाबाई रागावूनच गेल्या. पण गेल्या त्या थेट दवाखान्यात.

आठवड्याने त्या परत आल्या तेव्हा चालण्यात जोर होता. दुकानासमोर उभ्या राहिल्या राहिल्याच सांगू लागल्या, "यकृत ठणठणीत आहे म्हणाले. उपाशीपोटी त्रास होतो तर थोडं खाऊन गोळ्या घ्या म्हणाले. मी तुमचंही विचारलं हो. सुंठ चालेल, आल्याचा तुकडा मीठ लावून चघळला तरी चालेल. फक्त ते टीव्हीवरचं यकृताचं टॉनिक नको. आता द्या तुमची सुंठ."

भाई मनापासून हसले. वरच्या फळीवरची बरणी काढायला उठले आणि उठल्या जागी त्यांच्या डोळ्यांसमोर अंधार आला. त्यांनी फळी धरली, कसेबसे खाली बसले. कपाळावर घाम डवरला.

"काय होतंय?" यशोदाबाई एकदम पुढे झाल्या.

"काही नाही. सकाळी नीट खाल्लं नाही, म्हणून..."

"भाई, मी तीस वर्षं शाळेत काढली. खोटं बोलणारं पोर मी पाठमोरं ओळखते. आरशात बघितलंय का स्वतःला? ओठ पांढरे पडलेत तुमचे."

भाईंनी हात हलवला. "पोट जरा बिघडलंय. घेतोय मी औषध. याच धंद्यातला माणूस आहे, बाई."

"डॉक्टरला विचारलंत का?"

बाईंनी हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, अगदी साधं विचारलं. पण तो प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून भाईंनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.  गादीवर पसरलेल्या कागदांच्या चौकोनांकडे ते बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "माझे वडील यातच गेले. तेच आहे हे. मला माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? लक्षणं तीच आहेत."

 शेजारच्या दुकानातून यशोदाबाईंनी साखर घातलेलं पाणी मागवलं, भाईंच्या हातात दिलं आणि ते पूर्ण संपेपर्यंत उभ्या राहिल्या. "माझ्या मानेत गाठ आली तेव्हा मीसुद्धा कॅन्सरच धरून चालले होते," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलाला, संघर्षला, महिनाभर सांगितलं नाही. काय मिळवलं? महिनाभर रोज मेले आणि निघाला टीबी, जो गोळ्यांनी बरा होतो. भाई, तुम्ही मला हाकललंत त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. आज मी तुम्हाला हाकलतेय. दुकान बंद करा आणि घरी जा. खातूनबींना सांगा."

दुकानाच्या फळ्या लागेपर्यंत यशोदाबाई हलल्या नाहीत. वर रिक्षा थांबवून भाईंना आत बसवलं.

भरदुपारी नवरा दारात बघून खातूनबीच्या हातातलं पाखडायचं सूप खाली पडलं. घरात ती एरवी हिंदीत बोलायची, पण राग आला किंवा घाबरली की तिच्या तोंडी चांदवडची मराठी यायची. "काय झालं? तोंड का असं पडलंय? बोला ना!"

भाई खाटेवर बसले आणि एका दमात सगळं सांगून मोकळे झाले. आग, शौचाला काळं होणं, वडिलांची आठवण. ऐकता ऐकता खातूनबी खालीच बसली आणि रडायला लागली. भाईंना वाटलं, आजाराच्या भीतीने रडते आहे. पण ती पदराने डोळे पुसत म्हणाली, "मला वाटलं माझ्या हाताची चव गेली! लय दिवसांपासून तुम्ही ताट सारता, मी आपली रोज मसाला बदलते. एक शब्द बोलायला काय झालं होतं तुम्हाला? दुखतंय तर दुखतंय म्हणायचं! मी काय परकी हाय?"

आणि त्या रडण्यातच ती उठली. मुलगा वसीम ओझरकडच्या एका कारखान्यात फिटर होता, त्याला फोन लावला. संध्याकाळच्या आत तिघं कॉलेज रोडवरच्या पोटविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात बसलेले होते.

डॉक्टर पायल साळवे वयाने वसीमएवढ्या. त्यांनी घाई न करता विचारपूस केली. भाईंनी काय काय घेतलं ते सगळं सांगितलं. हिंग, त्रिकटू, ज्येष्ठमध, धन्याचं पाणी, एकही नाव गाळलं नाही.

"आणि याशिवाय कुठलं औषध?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. पोटाचं एवढंच."

"पोटाचंच असं नाही. कशाचंही."

भाईंनी नकारार्थी मान हलवली. तोच खातूनबीने पिशवीत हात घातला आणि गोळ्यांचं एक अर्धं रिकामं पाकीट टेबलावर ठेवलं. "हे यांच्या सदऱ्याच्या खिशात धुताना सापडलं. मी विचारलं नाही. वाटलं, ताकदीचं असेल."

डॉक्टरांनी पाकीट उलटं करून नाव वाचलं. "किती दिवसांपासून?"

"ते गुडघ्याचं आहे हो," भाई ओशाळून म्हणाले. "पावसाळ्याच्या आधीपासून. रोज दोन."

"उपाशीपोटी?"

"चहाबरोबर."

डॉक्टर खुर्चीला टेकल्या. त्या रागावल्या नाहीत. "काका, दुर्बिणीने बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही. पण ही गोळी जशी दुखणं थांबवते तशी पोटाच्या अस्तराला जखमही करते. त्याच्यावर तुम्ही पिंपळी-मिरी घातलीत. ही गोळी आजपासून बंद."

तपासणी झाली. जठरात जखम होती आणि ती झिरपत होती, म्हणून शौचाला काळं होत होतं, अंगातलं रक्त कमी झालं होतं. डॉक्टरांना ती गोळीमुळे झालेली वाटत होती, पण त्यांनी जखमेच्या कडेचा तुकडा तपासायला पाठवला. "खात्री करून घेऊ. तोवर उगाच काही मनात आणू नका," त्या म्हणाल्या.

ते दिवस भाईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. दुकानात जाऊ दिलं नाही म्हणून घरातच येरझाऱ्या. नात इन्शा शाळेतून आली की तिचा अभ्यास घ्यायला बसायचे आणि पाढे म्हणताना मध्येच गप्प व्हायचे. "दादा, पुढे?" इन्शा विचारायची. खातूनबी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि भांडी जरा जोरात आपटायची, जणू त्या आवाजाने घरातली शांतता पळून जाईल.

रिपोर्ट घ्यायला पुन्हा तिघं गेले. डॉक्टर कागद वाचत होत्या तोवर भाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला होता.

"कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाल्या. "साधा अल्सर आहे. गोळ्यांनी झालेला, आणि त्यात एक जंतूही सापडलाय जो तो भरू देत नाही. दोन्हींवर औषध आहे. पूर्ण बरे व्हाल."

 "परत एकदा सांगा," भाई म्हणाले.

डॉक्टरांनी परत सांगितलं. भाईंनी वसीमकडे बघितलं, खातूनबीकडे बघितलं. वसीम हसत होता आणि डोळे पुसत होता. खातूनबीने दोन्ही हात वर करून अल्लाचे आभार मानले आणि मग एकदम डॉक्टरांनाच विचारलं, "मग यांना मी काय खायला घालू?" डॉक्टरही हसल्या. खोलीत इतका वेळ कोंडलेली हवा सुटावी तसं झालं. भाईंचा जीव भांड्यात पडला. कित्येक महिन्यांत त्यांना प्रथमच भूक लागल्यासारखं वाटलं, खरीखुरी भूक. ते लाजत लाजत म्हणाले, "केळं चालेल का?"

औषधं लिहून देताना डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब पाहिला आणि भुवया उंचावल्या. "ज्येष्ठमध बंद करा. त्याने रक्तदाब वाढतो."

भाईंना ते जरा लागलं. ज्येष्ठमधावर त्यांचा फार जीव. "डॉक्टर, शेकडो लोकांना दिलंय मी. पोटाला थंड असतं."

"पोटाला चांगलं असेल, पण तुमचा दाब आधीच वर आहे. इतके दिवस रोज चघळलंत तर तो आणखी चढणारच." मग त्या समजुतीने म्हणाल्या, "धने-बडीशेपेचं पाणी घ्या, जिरं घातलेलं पातळ ताक घ्या, माझी काही हरकत नाही. त्रिकटू नको, निदान जखम भरेपर्यंत. आणि जे घ्याल ते मला सांगा. एवढंच."

खरी परीक्षा त्यानंतर होती. जंतू मारायच्या गोळ्या चांगल्याच जड होत्या. तोंडात दिवसभर पितळेचा तुकडा ठेवल्यासारखी कडवट चव. तिसऱ्या दिवसापासून पोट ढिलं झालं, मळमळ सुरू झाली. एका दुपारी भाई खाटेवर आडवे पडून म्हणाले, "आता कळलं यशोदाबाईंना सोडून द्याव्याशा का वाटत होत्या."

"आणि तुम्ही त्यांना काय म्हणाला होतात?" खातूनबीने विचारलं.

"नाव काढू नका म्हणालो होतो."

"मग आता गप पाणी प्या."

तिने फोन करून आधी डॉक्टरांना विचारलं होतं, अशक्तपणा फार वाटला तर लगेच आणा, नाहीतर कोर्स पुरा करा, असं उत्तर आलं होतं. मग तिने घराचा दवाखाना मांडला. सकाळी गाळलेलं बडीशेपेचं पाणी, दुपारी ताजं ताक, त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चिमूटभर सैंधव. गोळीनंतर आल्याचा कागदासारखा पातळ काप. भाताची पेज. जिरं कसं भाजायचं यावरून दोघांचं भांडणही झालं. "जळवू नको, वासावर उतरव," भाई खाटेवरून ओरडले. ती म्हणाली, "लय शिकवू नका, तुमच्या बरण्या वेगळ्या, माझा तवा वेगळा." कडवट चव काही गेली नाही, पण मळमळ आवाक्यात आली. पेज पोटात राहू लागली. कोर्स पुरा झाला.

त्यानंतर एकदा सकाळी भाईंना जाग आली आणि ते बराच वेळ अंथरुणात पडून राहिले. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, काय ते कळेना. मग लक्षात आलं की पोटात आग नाही. त्यांनी हात ठेवून पाहिलं. नाहीच.

गुडघ्यांचं दुखणं काही पळालं नव्हतं. पण त्याच्यासाठी डॉक्टरांनी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. भाई रोज भिंतीला टेकून पाय उचलतात आणि इन्शा मोजते. जाताना वसीम स्कूटरवर पुलापलीकडे सोडतो, येताना रिक्षा. गादीच्या जागी आता खुर्ची आली आहे. पहिल्यांदा खुर्चीत बसले तेव्हा भाजीवाल्या गोटीरामने "काय साहेब!" म्हणून सलाम ठोकला. चौकशी पूर्वीसारखीच चालते, फक्त तिच्यात एका प्रश्नाची भर पडली आहे: "गुडघ्याची, कंबरेची गोळी घेता का?" ज्येष्ठमध मागणाऱ्याला रक्तदाबाचं विचारतात. हे नवीन का, असं कुणी म्हटलं तर स्वतःची हकीगत सांगतात, काही न लपवता. यशोदाबाईंच्या गोळ्याही संपत आल्या आहेत. त्या येतात तेव्हा दोघं एकमेकांच्या पोटाची खबर घेतात आणि मगच बाकीचं बोलतात.

उन्हाळ्यात खातूनबीच्या भाच्याचं चांदवडला लग्न निघालं. दुर्बिणीची दुसरी तपासणी आदल्या आठवड्यात झाली होती. जखम भरली होती. भाईंनी विचारलं, लग्नाचं जेवण चालेल का? डॉक्टर म्हणाल्या, चालेल, बेताने.

घाट चढून गाडी चांदवडला पोहोचली तेव्हा मांडवात पंगत बसलीच होती. दालचा आणि भात वाढला गेला. खातूनबी बायकांच्या बाजूला न बसता पडद्याच्या फटीतून नवऱ्याच्या ताटाकडे बघत उभी राहिली. भाईंनी पहिला घास घेतला, सावकाश चावला. दुसरा घेतला. वाढपी आला तेव्हा त्यांनी हात आडवा केला नाही, थोडं आणखी वाढ म्हणाले. ताट स्वच्छ झालं.

जेवणानंतर ते मागच्या अंगणात, कांद्याच्या चाळीच्या सावलीत टाकलेल्या बाजेवर जरा टेकले आणि पाचच मिनिटांत गाढ झोपले. मांडवात त्यांची शोधाशोध सुरू झाली. नवरदेवाला फोटो काढायचा होता, कुणाला मुरड्यावर औषध विचारायचं होतं. एकेक जण मागे यायचा. खातूनबी बाजेच्या पायथ्याशी बसून पदराने माश्या वारत होती. येईल त्याला ती ओठांवर बोट ठेवून परत पाठवत होती.

"झोपू दे त्यांना," ती म्हणायची. "जेवलेत पोटभर."